कोळशाचं चित्र

"खडतर बालपणातूनच कलावंत घडतो," पाहुणे माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. हॉलच्या भिंतीवर माझ्या धाकट्या भावानं कोळशानं काढलेलं भलंमोठं चित्र होतं. लहानपणी घरातल्या भिंतींवर तो असंच काढायचा.

"ताई, तुम्हीही त्याच घरात वाढलात ना?" एका पत्रकार मुलीनं मला गाठलं. "मग तुम्ही काय काढायचात?"

"मी पुसायचे. बाबा यायच्या आत. नाहीतर त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उमटायचे."

तिला तो विनोद वाटला. खळखळून हसली आणि भावाच्या फोटोसाठी धावली.

हॉल रिकामा झाल्यावर मी चित्रापाशी एकटीच उभी राहिले. मागून बुटांचा आवाज आला आणि माझा पदर आपोआप भिंतीवर फिरला.

"अगं ताई, मी आहे!" भाऊ म्हणाला.

तोवर एक कोपरा स्वच्छ झाला होता.