पाटीपरीस पक्कं

काचेच्या सहा बरण्या. बुचांवर मेण.

करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेले दोन हात.

दर मंगळवार.

नऊ वर्षांच्या मुलीचे तळवे, नांगर धरून म्हाताऱ्या झालेल्या माणसासारखे.

ते तळवे खंडेराव डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरले. बोईसरजवळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत वामन तीन वर्षं हरकाम्या होता. लेकीला, चिमीला, त्यानं आज पहिल्यांदाच सोबत आणलं होतं.

"अरे, मी रसायनांचा डॉक्टर. माणसांचा नव्हे," खंडेराव म्हणाले. पण हात सोडला नाही. "पाणी कुठलं पिता?"

"पाम गावच्या इहिरीचं, साहेब. सगला गाव पितो."

"आणि गाव बरं आहे?"

"गावाला काय धाड भरलीय!"

खंडेरावांनी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तुला बरण्या पुरायला दिल्या होत्या. सोमलाच्या, त्या विषाच्या. जागेवर पाटी लावलीस ना?"

"पाटी वाचतो कोन, साहेब? पाटीपरीस पक्कं केलंय. वस्तीपासनं लांब, गुरं फिरकत नाय. तिथं कुदळ मारायची कुनाची छाती नाय."

"शाबास. मग हे दुखणं त्या विषाचं नसणार." त्यांनी पालघरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. "उद्याच ने. उशीर करू नकोस."

घरी बायकोनं, बायडीनं, चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही.

"उद्या मंगळवार हाय. नाय जमायचं."

"मंगळवारी काय हाय?"

"बायांचं हाय ते. बाप्यांनी इचारू नाय."

"पोर हातची चाललीय नि तुला बाया-बाप्ये सुचतायत!"

बायडीचा बांध फुटला. "पोरीसाठीच करते ना! मागं तापानं फणफणली व्हती, तवा देवानंच उठवली तिला. तवापासनं एक मंगळवार चुकवला नाय. देवाच्या पायाशी पानी झिरपतं, तेच तीर्थ पाजते. आता दुखणं वाढलं म्हणून तांब्या भरून आनते. सकाळ-संध्याकाळ देते."

"कुठला देव?"

"करवंदीच्या जाळीतला. आपसूक निंगाला. दोन पावसाळं झालं."

वामन आपल्याच हातांकडे बघत राहिला. जुने ओरखडे कधीच बुजले होते.

कोपऱ्यात चिमी कशीबशी उठून बसली. तिनं तांब्याकडे हात केला.

"आये, तहान लागली."

पासष्ट सालच्या ऑक्टोबरात सहावी बरणी पुरून झाल्यावर, कुणी ती जागा उकरू नये म्हणून वामननं तिथं एक दगड उभा केला आणि त्याला शेंदूर फासला.