न रडणारं बाळ

आजीनं मनगटावर दुधाचा एक थेंब टाकून बघितला. कोमट. बाटली झाली तयार.

"आई, डॉक्टर काय म्हणाले? सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही." मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता बोलत होता. दुपारपाळीला उशीर होत होता त्याला.

"डॉक्टरला काय जातंय सांगायला! पोर भुकेनं टाहो फोडेल आणि सूनबाईचं शिलाई मशीन चालूच. आजपासून बाळ माझ्या खोलीत. बाटलीवर."

"तिला ऐकू येत नाही, पण ती बघते गं. सारखं लक्ष असतं तिचं."

"बघून पोट भरतं होय रे?"

मुलगा डबा उचलून निघून गेला. आईपुढे त्याचं कधी चाललंय?

आजीची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. बत्तीस वर्षं कानाला हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा जेवलाय की उपाशी ते कळायचं म्हणे तिला. आणि सून आली ती जन्मापासून बहिरी. दोन वर्षं आजी तिला सवयीनं हाका मारायची, आवाज चढवायची आणि मग स्वतःच कपाळाला हात लावायची.

पण खरी भीती वेगळीच होती. बाळ साडेचार महिन्यांचं. आजीच्या मांडीवर भूक लागली की घर डोक्यावर घ्यायचं. सुनेच्या खोलीत मात्र हूं की चूं नाही. तासन् तास. आजीला याचा एकच अर्थ लागत होता. रडून कुणी येत नाही म्हटल्यावर पोरानं रडणंच सोडलंय.

बाटली घेऊन ती सुनेच्या दाराशी गेली. दार अर्धं उघडं. मशीन खडखडत होतं. सून कापडावर वाकलेली. शेजारी सतरंजीवर बाळ, टक्क जागं. मूठ चोखत होतं. भुकेलंय, आजीला लगेच कळलं. तरी आवाज नाही. नुसतं आईकडे बघत होतं.

सुनेनं धागा तोडायला मशीन थांबवलं.

आणि बाळानं दोन्ही पाय उचलून टाचा खाली आपटल्या. धप्प!

जमीन लाकडी फळ्यांची. दारातल्या आजीच्या तळव्यांपर्यंत तो हादरा आला. म्हणजे पोर मशीनची थरथर थांबायची वाट बघत होतं?

सून झटकन वळली. भुवया उंचावून तिनं मूठ उघडली, मिटली. दूध हवंय? बाळ तिच्या बोटांकडे एकटक बघत राहिलं. मग परत धप्प, धप्प, आणि बोळकं पसरून हसलं. तिनं त्याला उचलून छातीशी घेतलं. ग्ळक्. ग्ळक्. आजीच्या तयार कानांनी एकेक घोट टिपला. पोटभर चाललं होतं.

पिता पिता बाळाची नजर दाराकडे गेली. आजी दिसली. तोंडातलं सोडून त्यानं खणखणीत हाळी दिली, "आँऽऽऽ!"

आजीच्या अंगावर काटा आला. अजून धड कुशीवर वळता येत नाही. दात नाही, शब्द नाही. आणि याला पक्कं माहितेय, घरात कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही.

सून मान खाली घालून त्याचे ओठ पुसत होती. तिला काहीच पत्ता नव्हता. आजीनं हाक मारायला तोंड उघडलं. मिटलं. बाटली दाराबाहेर ठेवली, चप्पल काढली आणि टाच फळीवर आपटली.

धप्प.

सुनेनं वर बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं सासूच्या हाकेला ओ दिली होती.