उष्टी हळद

वाटीतली उष्टी हळद बोटांवर चोळून पाहत नवरीच्या मावशीने विचारलं, "अहो करवली, ही एवढी तेलकट कशी? नवरदेवाला हळद लावलीत की फोडणी दिलीत?"

बायका हसल्या. शुभदाला हसता आलं नाही. भावाला लावून उरलेली हळद नवरीकडे आणणं एवढंच तिचं काम होतं. पण नुसत्या हळदीने त्याची त्वचा भेगाळते, म्हणून तिनेच ती व्हॅसलीनमध्ये कालवली होती. त्याने सासरी काय सांगितलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. खोटंही सुचेना.

"त्याची त्वचा कोरडी आहे, खवले धरते. बाबांचीही तशीच होती. माझीही आहे."

मावशीने पदराला बोटं पुसली आणि वाटी बाजूला सारली. "मग ही पोरीला नको. तिला झालं म्हणजे?"

आता लग्न मोडतं, असं शुभदाला वाटलं.

"मावशी, ते लागून होत नाही, आईवडिलांकडून येतं," पाटावरून केतकी म्हणाली. "निनादने पहिल्या भेटीतच सांगितलंय. मला होणार नाही. मुलांना होऊ शकतं."

"आणि झालं तर?"

"तर रोज आंघोळ घालून तेल लावू." केतकीने वाटी ओढून घेतली आणि गाल पुढे केला. "लावा, ताई."

शुभदाने हळदीत बोटं बुडवली. स्वतःच्या सासरी ती आजवर आपल्या त्वचेसाठी थंडीचं कारण सांगत आली होती.

"तेल अंग ओलं असतानाच लावायचं," ती सावकाश म्हणाली. "वाळल्यावर उपयोग नसतो."