म्हाताऱ्याची आई
म्हाताऱ्या चाकानेत्साचा पाय सुजून भोपळा झाला होता, पण दवाखान्याचं नाव काढलं की तो काठी उगारायचा. मुलं हरली, गावप्रमुखानंही हात टेकले.

शेवटी सून रुफारो उठली. "थांबा, आता यांच्या आईलाच घेऊन येते," म्हणाली आणि तडक सासऱ्याच्या मामाचं घर गाठलं.

दुपारी आई दारात हजर. नाव त्सित्सी, वय सात, पुढचे दोन दात पडलेले. शोना जमातीच्या माणसाला मामाच्या घरची लेक, मग ती मामाची मुलगी असो की नात, आईच.

म्हाताऱ्यानं घाईघाईनं काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळहात हळू वाजवून तिला नमस्कार केला.

"जेवलास?" त्सित्सीनं विचारलं.

"हो, आई."

"मग ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"उद्या सकाळी गेलो तर..."

"आत्ता!"

म्हातारा निमूट उठला.

दवाखान्यातल्या परक्या मुलखातून आलेल्या नर्सला हसू आलं. "नातीचं बरं ऐकता हो, आजोबा!"

"नात कसली? आई आहे माझी!" म्हातारा गुरकावला.

नर्सनं इंजेक्शन भरायला घेतलं. ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अंगणातल्या कोंबड्या पळायच्या, तो सासरा त्सित्सीच्या कानाशी वाकलेला रुफारोनं पाहिला.

"आई, मला सुईची भीती वाटते गं."

त्सित्सीनं ते पांढरं डोकं आपल्या एवढ्याशा कुशीत ओढून घेतलं.

"माहितीये मला. म्हणून तर आले."