महागूचा सोबती

"हायेस का रे?" महागूनं विचारलं.

महागूच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मोतीबिंदू काढून दोन दिवस झाले होते. पाच दिवस मान उचलायची नाही, उचलली तर टाका सुटेल आणि डोळा जाईल, असं डॉक्टर बजावून गेले होते. बालाघाटच्या त्या शाळेत आठवडाभराचं नेत्रशिबिर भरलं होतं. सातवीच्या वर्गात आठ म्हातारे उताणे पडले होते. एवढी शिस्त त्या वर्गानं आजवर पाहिली नव्हती.

महागूच्या उशाशी, मुलांच्या बाकावर, गोपाळकृष्ण गुरुजी बसला होता. शिबिराचे अर्ज त्यानंच भरले होते. सोबतीला माणूस असल्याशिवाय भरती नव्हती. "सोबत कोण?" असं विचारल्यावर रामपायलीहून आलेला महागू म्हणाला होता, "राम. इथंच हाय." मुलगा चहा प्यायला गेला असेल असं समजून गोपाळकृष्णनं लिहून टाकलं: राम, मुलगा, वय अंदाजे तीस. हा राम म्हणजे रामपायलीच्या देवळातला, ते शस्त्रक्रिया झाल्यावर कळलं. तेव्हापासून तो लाजेपोटी रामाच्या जागी बसत होता. पाणी पाजायचा, भांडं द्यायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही.

"बोल ना रे," महागू म्हणाला. "दोन दिवसांपासून विचारून राह्यलो. नाही तं मी उठून पाहतो."

पट्टी बांधलेला माणूस उठून पाहणार काय, हा मुद्दा बिनतोड होता, पण मांडायला वेळ नव्हता.

"हो," गोपाळकृष्ण म्हणाला.

"कोण हाय हे?"

"राम."

"राम 'हो' नाही म्हणत. रामपायलीचा हाय तो. 'हौ' म्हणते."

गोपाळकृष्णच्या तीन पिढ्या बालाघाटला सरकारी नोकरीत गेल्या होत्या, पण घरात कोणी 'हौ' म्हटलं की आई पुन्हा नीट म्हणायला लावायची. त्यानं घसा साफ केला.

"हौ."

"तोंडात सुपारी हाय का?"

"जरा लांबवा ना गुरुजी," शेजारच्या अंथरुणावरून टिकारामनं मदत केली. त्याच्याही डोळ्यांवर पट्टी होती, तोंड मात्र मोकळं होतं.

महागूची मान उशीवरून दोन बोटं वर आली. दाबून खाली नेण्याची सोय नव्हती, डोक्याला धक्का लागून चालणार नव्हतं.

"महागूजी, मी गोपाळकृष्ण. शाळेतला गुरुजी. राम नाही इथे, मी खोटं बोललो. मान खाली ठेवा."

मान खाली गेली नाही.

"मंग दोन दिवस मी एकलाच होतो?"

गोपाळकृष्ण बाकावरून पुढे वाकला.

"तुमाले दिसते का तो, गुरुजी? खरं सांगजा."

"नाही."

"डोळे चांगले हायेत तुमचे?"

"चष्मा आहे."

"चष्म्यातूनबी नाही दिसत?"

"नाही."

महागू विचार करू लागला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, हनुवटी थरथरत होती. गोपाळकृष्ण मान आणि उशी यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीकडे पाहत राहिला.

"मंग ते डोळ्याचं काम नसन," महागू म्हणाला, आणि त्यानं मान सावकाश उशीवर टेकवली.

गोपाळकृष्णनं चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

"गुरुजी, तुम्ही कुठं बसले?" थोड्या वेळानं महागूनं विचारलं.

"बाकावर. तुमच्या उशाशी."

"मधातच बसले असान. जरा सरका. त्याले जागा ठेवा."

गोपाळकृष्ण सरकला. बाक लहान मुलांचा होता, गुरुजी निम्मा बाकाबाहेर आला. दुपारी आठही म्हाताऱ्यांना गोळ्या देऊन दमलेला कंपाउंडर उरलेल्या बाकावर टेकायला आला, तेव्हा गोपाळकृष्णनं हात आडवा केला.

"नको," तो म्हणाला. "इथे बसलेत."