गोधडीखालचा टाकळा

बावन्न सालच्या श्रावणातली गोष्ट. बेलपाड्याच्या हौसानं सकाळी सारवायला म्हणून बाळाची गोधडी उचलली, तर खाली हिरवेगार चार कोंब.

सासूनं, सखूबाईनं, पान चुरगळून हुंगलं. "टाकळाच हाय. पन ह्यो उकरल्या मातीत येतो गं. जमीन कुनी खनली?"

"कुनी नाय, आत्या. रोज मीच सारवतंय."

खरंच, जमिनीला साधी भेगही नव्हती.

बाळाला कडेवर घेऊन हौसानं ते कोंब मुळासकट उपटले. बरोबर भाकरीएवढं ढेकूळ निघालं. तिनं ते उलटं केलं.

खालूनही कुणीतरी जमीन सारवली होती. शेणात एवढ्याएवढ्याशा बोटांच्या कमानी उमटल्या होत्या.

सारवण अजून ओलं होतं.