फुकटचं कोण वापरतं?

वेळ मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि नेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवला, तेव्हा बाबा हसले होते. "फुकटचं कोण वापरतं गं?"

आज आयसीयूत बाबांच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप मध्येच थांबला. मी सिस्टरला हाक मारली. सिस्टरने तो बंद करून परत चालू केला. "घाबरू नका ताई, होईल सुरू."

पंपाच्या स्क्रीनवर, आत वापरलेल्या मोफत प्रोग्रॅमची नावं सरकू लागली. त्यात माझ्या प्रोग्रॅमचं नाव आलं. त्याखाली लायसन्सची ओळ होती, सगळेच टाकतात म्हणून मीही न वाचता टाकलेली:

"कसलीही हमी नाही. स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे."